मावशी.पीवाय

गेले तीन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. आळस नेहमीचाच, पण ह्यावेळी कारणही होतं. शनिवार-रविवार एक पायथनची फाईल उघडून बसत होतो. ऑफिसची नव्हे. तिचं नाव वर दिलंय.

तर झालं असं की...

मावशी कराडची. तिथल्या हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवून रिटायर झाली. आम्हा सगळ्या मावस-मामे भावंडांना अपूर्णांक तिनेच शिकवले, तेही हातात पट्टी घेऊन. दोन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन असं सगळं यथासांग झालं, केस परत आले, ती पुन्हा भिशीला जायला लागली. आणि यंदा पावसाळ्याच्या तोंडावर खोकला जाईना म्हणून फोटो काढला, तर फुप्फुसात गाठी. बायोप्सी झाली. तोच कॅन्सर, नव्या पत्त्यावर.

मंजूताईचा (मावशीची मुलगी, माझ्याहून चार वर्षांनी मोठी) फोन आला. "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? मी रिपोर्ट पाठवते, बघ जरा." आता मी काय बघणार? मी बँकांसाठी पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहितो. पण घरोघरी हे असंच असतं. प्रिंटर बिघडला तरी आपण आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला तरी आपणच. मीही शहाणा, "पाठव" म्हणालो.

मावशीचा प्रकार ट्रिपल निगेटिव्ह. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर साधारण तीन गोष्टी तपासतात: इस्ट्रोजेनचा रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉनचा रिसेप्टर आणि हर-टू नावाचं प्रोटीन. ह्यातलं काही सापडलं की त्यावर नेम धरणारी औषधं असतात. तिन्ही निगेटिव्ह आलं की नेम धरायला जागाच नाही, म्हणून वर्षानुवर्षं ह्या बायकांना केमो एके केमो. इम्युनोथेरपीची सगळ्यात जास्त आशा ह्याच प्रकारात वाटली ती त्यामुळे.

इम्युनोथेरपी म्हणजे थोडक्यात असं. आपल्या टी-पेशींवर पीडी-वन नावाचा एक ब्रेक असतो. त्या भलतीकडे भडकून शरीरालाच खाऊ नयेत म्हणून निसर्गाने केलेली सोय. कॅन्सरच्या पेशी पीडी-एल-वन नावाचं प्रोटीन अंगावर मिरवतात आणि तो ब्रेक दाबतात. औषध मध्ये घुसून हा स्पर्श होऊ देत नाही. पीडी-वन पहिल्यांदा सापडलं १९९२ साली, क्योटोमध्ये तासुकू होंजो ह्यांच्या लॅबमध्ये. २०१८ चं नोबेल जेम्स ॲलिसन आणि होंजो ह्यांना मिळालं ते ह्या ब्रेक काढण्याच्या कल्पनेसाठी.

ऐकायला झकास. पण मेटास्टॅटिक ट्रिपल निगेटिव्हमध्ये हे औषध नुसतंच दिलं तर फार थोड्या जणींना लागू पडतं. केमोबरोबर दिलं तर जरा बरं. कीनोट-३५५ नावाची मोठी ट्रायल झाली, ८४७ पेशंट. त्यात ज्यांचा सीपीएस नावाचा स्कोअर १० किंवा जास्त होता, त्यांच्यात नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य १६.१ महिने होतं, पेंब्रोलिझुमॅब जोडल्यावर २३. स्कोअर त्याहून कमी असेल तर फायदा ठामपणे सिद्ध झाला नाही. म्हणजे सगळा खेळ दहाच्या आकड्याचा.

मावशीचा आला आठ.

आता ही आठ भानगड काय आहे? स्लाईडवर रंग घेतलेल्या पेशी मोजायच्या, कॅन्सरच्याही आणि आजूबाजूच्या काही रोगप्रतिकारक पेशीही. त्याला फक्त कॅन्सरच्या पेशींच्या संख्येने भागायचं आणि शंभरने गुणायचं. मी हे फोनवर मावशीला सांगितलं. ती दोन सेकंद गप्प, मग म्हणाली, "म्हणजे ही टक्केवारी नाहीच. वरती दोन्ही जातीच्या पेशी आणि खाली एकाच. शंभराच्या वर जाईल की!" म्हटलं हो, जातं. मग शंभरच लिहितात. "अस्सं. आमच्या पेपर तपासणीत कुणी असं केलं असतं तर मॉडरेटरने पेपर तोंडावर फेकला असता."

डॉक्टर मॅडमनी दोन वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनचा ब्लॉकही तपासायला लावला. मेणात बसवलेला तो गाठीचा तुकडा काका रेक्झिनच्या पिशवीत घालून दुसऱ्या लॅबमध्ये घेऊन गेले. तिथे उत्तर आलं बारा.

बाई एकच. फुप्फुसातली गाठ म्हणते आठ, जुनी गाठ म्हणते बारा, रेषा दहावर. आमच्याकडे एकच टेस्ट कधी पास, कधी फेल व्हायला लागली की तिला फ्लेकी म्हणतात आणि कुणीतरी वैतागून ती बंद करून टाकतो. इथे बंद करता येत नाही. आणि चूक कुणाचीच नव्हती, दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. गाठीच्या एका कोपऱ्यात रंग घेणाऱ्या पेशी जास्त, दुसऱ्यात कमी. मूळ गाठीपेक्षा पसरलेल्या गाठीत कमी असणंही नेहमीचंच. शिवाय ही पेशी मोजायची आणि ती नाही, हे ठरवणारा माणूसच असतो.

आणि पैसे! दर तीन आठवड्यांनी दोन व्हायल. काही डोस आपण घेतले की पुढचे कंपनीकडून, अशी योजना असते, पण ते सुरुवातीचे घ्यायलाच काकांची एफडी मोडणार होती. काका एसटीतून रिटायर झालेले. ते काही बोलले नाहीत, पण बँकेचं पासबुक त्या रेक्झिनच्या पिशवीत आलेलं मी पाहिलं.

इथून माझ्या रात्री सुरू झाल्या.

वाचता वाचता पहिल्यांदा ॲटेझोलिझुमॅबची गोष्ट लागली. हे पीडी-एल-वन अडवणारं औषध. २०१८ मध्ये नॅब-पॅक्लिटॅक्सेल ह्या केमोबरोबर दिल्याचे चांगले निकाल आले, मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत सशर्त मान्यताही मिळाली. मग पुढच्या ट्रायलमध्ये तेच औषध साध्या पॅक्लिटॅक्सेलबरोबर दिलं, तर फायदा गायब. ऑगस्ट २०२१ मध्ये रोश कंपनीने अमेरिकेतला तो वापर मागे घेतला. दोन्ही केमोंमध्ये मूळ द्रव्य एकच! पॅक्लिटॅक्सेलआधी स्टेरॉइड द्यावं लागतं, त्याने टी-पेशी दबल्या असतील अशी एक शंका घेतली गेली, पण खात्रीचं उत्तर नाही. एक डिपेंडन्सी बदलली आणि प्रॉडक्शन झोपलं, आणि लॉग कुठेच नाहीत. प्रत्येक प्रश्नासाठी शेकडो बायकांवर काही वर्षं ट्रायल चालवायची, तेव्हा कुठे एक हो किंवा नाही मिळणार.

मग कळलं की काही लोक हेच कॉम्प्युटरवर करतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अलेक्झांडर पोपेल ह्यांचा गट आहे. ते डिफरन्शियल इक्वेशन्सनी पेशंट लिहितात. अक्षरशः. रक्त, गाठ, गाठीजवळच्या लसिका ग्रंथी असे कप्पे, त्यातून इकडून तिकडे जाणाऱ्या टी-पेशी, औषधाचं रक्तातलं प्रमाण, ते पीडी-वनला किती चिकटतं, पेशी किती वेगाने वाढतात नि मरतात. प्रत्येक गोष्टीला एक समीकरण. सगळं मॅटलॅबमधल्या सिमबायॉलॉजीत. मग प्रत्येक पॅरामीटर एका वाजवी पल्ल्यातून उचलायचा, की झाली एक व्हर्च्युअल पेशंट. खऱ्या माणसांत दिसत नाही असं काही वागणारी निघाली की ती टाकून द्यायची. उरलेल्यांना औषध द्यायचं आणि चारशे दिवसांनी काय झालं ते काही सेकंदांत बघायचं. आपण लोड टेस्टिंगला हजारो डमी युजर सोडतो ना, तोच प्रकार. फक्त इथे डमी युजर मरतो.

२०२४ च्या अखेरीस त्यांचा एक पेपर पीएनएएस ह्या जर्नलमध्ये आला. पहिलं नाव तेन्मोळी अरुलराज ह्यांचं. मेटास्टॅटिक ट्रिपल निगेटिव्हच्या १६३५ व्हर्च्युअल पेशंट, औषध पेंब्रोलिझुमॅब. प्रश्न असा की ९० वेगवेगळ्या मोजमापांपैकी कुठलं, एकेकटं किंवा दोन-तीन-चार मिळून, आधीच सांगू शकेल की हिला औषध लागू पडणार? खऱ्या पेशंटमध्ये ९० गोष्टी वारंवार मोजायच्या तर तिच्या अंगावर सुई टोचायला जागा राहणार नाही. इथे प्रिंट स्टेटमेंट टाकलं की झालं.

आणि उत्तर असं आलं की उपचाराआधी घेतलेली मोजमापं फारशी कामाची नाहीत. औषध सुरू झाल्यावर लवकरच घेतलेली जास्त बोलकी. मला हे लगेच पटलं. सर्व्हर नुसता उभा असताना त्याच्याकडे बघून काय कळणार, लोड टाकल्यावर पहिल्या दहा मिनिटांत कळतं. गंमत म्हणजे पीडी-एल-वन मात्र ह्याला अपवाद, ते आधी मोजलेलंच बरं. रक्तातल्या काही खुणा गाठीतल्या खुणांच्या तोडीस तोड निघाल्या, म्हणजे दर वेळी बायोप्सीची सुई नको. आणि ज्या ओळीने माझी झोप उडवली ती ही: औषध सुरू केल्यावर दोन आठवड्यांत गाठीचा व्यास किती बदलला ह्यावरून पेशंट निवडल्या, तर सिम्युलेशनमध्ये प्रतिसादाचं प्रमाण ११ टक्क्यांवरून २५ वर गेलं.

दोन आठवडे. एक सीटी स्कॅन. आठ-बाराची भांडणं नकोत.

मग मी ती फाईल उघडली. हॉपकिन्सच्या मॉडेलशी तिची तुलना म्हणजे बोईंगची तुलना कागदी विमानाशी. मी १९९४ सालचं कुझनेत्सोव आणि मंडळींचं जुनं मॉडेल घेतलं. दोनच समीकरणं, एक कॅन्सरच्या पेशींचं, एक त्यांना मारणाऱ्या पेशींचं. त्यात मी औषध घुसवलं. ह्या दोन समीकरणांत एक विलक्षण गोष्ट आहे. काही आकड्यांना त्यात एक अदृश्य धार तयार होते. धारेच्या अलीकडून सुरुवात केली तर गाठ बारीक होऊन निपचित पडते, पलीकडून केली तर ती सुटते. महाबळेश्वराच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसासारखं. हातभर इकडे पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, हातभर तिकडे तर कोकणात उतरून अरबी समुद्राला. खरी रेषा ही. सीपीएसची दहाची रेषा आपण आखलेली आहे. मात्र ही धार कुठल्या पेशंटमध्ये कुठून जाते ते बाहेरून दिसत नाही.

इथवर ठीक होतं. पण रविवारी रात्री एक वाजता मी मंजूताईने पाठवलेले दोन सीटीचे रिपोर्ट उघडले, सगळ्यात मोठ्या गाठीचे दोन व्यास घेतले, त्यावरून वाढीचा वेग काढला आणि तो मॉडेलमध्ये घातला. फाईलला नाव दिलं मावशी. रन केलं.

रेष पहिले काही दिवस खाली आली. मग वर जायला लागली, आणि वरच गेली.

ती विंडो बंद करताना हाताला घाम आला होता. दोन समीकरणं आहेत, ह्यात केमो नाही, काहीच नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून झोप लागली नाही. सकाळी मंजूताईला फोन करून अगदी जाणकाराच्या आवाजात सांगितलं, "दोन आठवड्यांनी स्कॅन मागायचा म्हणजे मागायचा. सोडायचं नाही." का, ते नाही सांगितलं.

पुढच्या भेटीला मीही गेलो. काकांनी आधी त्यांचा प्रश्न विचारला. टाटा हॉस्पिटलने हे औषध अगदी थोड्या डोसमध्ये देऊन बघितलंय, तसं नाही का करता येणार? (काकांना व्हॉट्सॲपवर आलं होतं, आणि चक्क खरं होतं.) मॅडम म्हणाल्या, हो, त्यांनी नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी निव्होलुमॅब दिलं, आणि वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण साधारण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. फार महत्त्वाचं काम आहे, आपल्याकडे शंभरात तिघांनाही हे औषध परवडत नाही. पण ते तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरमध्ये. स्तनाच्या कॅन्सरसाठी मी त्या भरवशावर डोस कमी करणार नाही.

मग मी माझं पुराण सुरू केलं. १६३५ पेशंट, दोन आठवडे, अकरा ते पंचवीस. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. आमच्या मॅनेजरने कधी घेतलं नाही इतकं.

"पेपर पाहिलाय मी," त्या म्हणाल्या. "त्यात पेशंटना काय दिलंय?"

"पेंब्रोलिझुमॅब."

"आणि?"

आणि काही नाही. नुसतं पेंब्रोलिझुमॅब. मावशीला त्याच्याबरोबर केमो मिळणार होती. दोन आठवड्यांत गाठ आक्रसली तर ती केमोने की इम्युनोथेरपीने हे कोण सांगणार? मी तो पेपर निदान चार वेळा वाचला होता. स्पेसिफिकेशनची पहिलीच ओळ, आणि ती डोळ्यांखालून निसटली, कारण मला निसटायला हवी होती.

"दुसरं म्हणजे," त्यांनी फोटो स्क्रीनवर लावला, "ही गाठ वीस मिलिमीटर. दोन आठवड्यांत एक-दीड मिलिमीटरचा फरक पडला, तर तेवढा फरक दोन रेडिऑलॉजिस्टनी एकच फोटो मोजला तरी येतो. आम्ही तीस टक्के कमी झाली तर प्रतिसाद म्हणतो, वीस टक्के वाढली तर वाढली म्हणतो, ते उगाच नाही. कधीकधी पेशी लढायला आत शिरतात म्हणून गाठ आधी सुजून मोठी दिसते. घाबरून औषध बंद केलं तर?" मग जरा थांबून म्हणाल्या, "ते काम चांगलं आहे हो. काय मोजायचं, कधी मोजायचं, पुढची ट्रायल कशी आखायची, त्याला ह्याचा उपयोग होईल. पण आज ह्यांच्या फाईलवर मी ते लिहू शकत नाही."

मी गप्प बसलो. मावशी इतका वेळ छताच्या पंख्याकडे बघत होती. ती म्हणाली, "बारा आणि आठ. अशा दोन आकड्यांची सरासरी काढायची नसते. पण काढलीच तर बरोब्बर दहा येते." मॅडम हसल्या. म्हणाल्या, जुना ब्लॉक ग्राह्य धरायला हरकत नाही, ट्रायलमध्येही जुने नमुने चालत होते. औषध देऊन बघावं असं माझं मत आहे. मात्र थायरॉइड बिघडू शकतं, फुप्फुसाला किंवा आतड्याला सूज येऊ शकते. दम लागला किंवा जुलाब झाले तर घरगुती औषध करत बसायचं नाही, फोन करायचा. निर्णय तुमचा.

"घेऊया," मावशी म्हणाली. काकांनी पिशवीची चेन लावली.

दुसऱ्या सायकलच्या वेळी ती दोन दिवस माझ्याकडे राहिली. मंजूताईने बहुतेक चुगली केली असणार, कारण जेवण झाल्यावर म्हणाली, "दाखव बघू माझी फाईल. हॉस्पिटलातली नव्हे, तुझी." टाळायचा प्रयत्न केला, पण जिने पट्टी मारलीय तिच्यापुढे कसलं टाळणार. लॅपटॉप दिला. नाव वाचून काही बोलली नाही. चष्मा लावून एकेक ओळ बघत होती. पायथन तिला येत नाही, पण समीकरण येतं.

"हे औषध अंगात किती दिवस टिकतं?"

"निम्मं व्हायला साधारण बावीस दिवस."

"आणि बाकी सगळे वेग दर दिवसाचे आहेत?"

"हो."

"मग हे ०.२२ कुठून आलं? बावीस दिवसांना ०.०३२ यायला हवं. ०.२२ दर आठवड्याचं झालं. तुझ्या औषधाचं तीन दिवसांतच निम्मं पाणी होतंय."

बघितलं. खरंच. कुठल्याशा पेपरमधून आठवड्यांत घेतलेला आकडा मी तसाच दिवसांत चिकटवला होता. चालत्या कोडमध्ये मी हे ज्युनियरच्या रिव्ह्यूमध्ये पकडलं असतं आणि त्याला दोन शब्द सुनावलेही असते. त्या रात्री मी जिच्यासाठी जागा राहिलो, तिला मॉडेलमध्ये धड औषधच मिळत नव्हतं.

"एकक लिहायची सवय नाहीच लागली तुला," ती म्हणाली, आणि झोपायला गेली. जाता जाता दारातून म्हणाली, "आणि नाव बदल त्या फाईलचं."

०.०३२ केलं. नाव बदललं. तिचे व्यास फाईलमधून काढून टाकले आणि ते घालून परत चालवलं नाही. मंगळवारी तिसरी सायकल झाली, थायरॉइड अजून नॉर्मल आहे, पायाला मुंग्या येतात पण त्या केमोच्या. खोकला कमी आहे असं काका म्हणतात. मावशी म्हणते, तेवढाच आहे.

स्कॅन अकरा तारखेला.